बारावीपर्यंतचा लेखनिक

रविवार, २१ जून २०२६
दुपारचे पावणेतीन

प्रिय रोहिणी,

दुकानात मी एकटाच आहे. प्रफुल्लदादा जेवायला घरी गेलेत. आत्तापर्यंत मी एका वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या कडेला रिंगा ठोकत होतो. शुभेच्छुकांची छप्पन्न नावं आहेत आणि त्यातली तीन मी दुरुस्त केली, म्हणून दादांनी जाताना ऐकवलं, की बाबा रे, नावं त्यांची आहेत, त्यांना जशी हवीत तशी राहू दे. हातोडी खाली ठेवली आणि हे लिहायला बसलो. कागदावर लिहिलं असतं तर तुझ्या साधनाकाकूंना वाचून दाखवावं लागलं असतं. काकूंविषयी माझी काही तक्रार नाही, पण त्या वाचताना मध्येच "हे काय गं?" म्हणून थांबतात. म्हणून फोनवर टाईप करतोय. तुझ्या फोनमधली बाई ऱ्हस्वदीर्घ चुकलं की कसं भलतंच वाचते ते मला माहीत आहे, तेव्हा प्रत्येक ओळ दोनदा तपासून पाठवीन. कानात हेडफोन घालून ऐक. बाहेर सगळा गंगापूर रोड कुंभाच्या कामासाठी खणून ठेवलाय, ड्रिलचा आवाज थांबला की दोन वाक्यं सुचतात.

एप्रिलमध्ये शेवटचा पेपर झाल्यावर बस स्टॉपवर तू जे म्हणालीस त्याला मी उत्तर दिलेलं नाही. "पुढच्या परीक्षेला तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलास तर मी पेपर कोरा देईन." त्यानंतर आपलं बोलणं नाही. इकडे देवरामभाऊंचा परीक्षा विभागातून दोनदा फोन येऊन गेला, की सातव्या सत्राच्या, म्हणजे तुझ्या चौथ्या वर्षाच्या, लेखनिकाचं नाव महिनाअखेर द्यायचंय, तुझंच टाकू का. आणि त्याच महिनाअखेर पहिल्या वर्षाचे प्रवेश बंद होतात. नियम तुलाही पाठ आहे. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा खालचं पाहिजे, आणि आपल्या कॉलेजात पदवीला नाव घातलेला लेखनिक चालत नाही. एक तर तुझ्या शेजारची खुर्ची, नाहीतर माझा प्रवेश. दोन्ही मिळत नाहीत. दोन जून महिने मी हा प्रश्न पुढे ढकलत आलो आणि तू विचारलंस की दुकानाचं, बाबांच्या तब्येतीचं, कसलं तरी कारण सांगत आलो.

तुला आठवतं, मी तुझा लेखनिक कसा झालो? तुझी प्रवेश परीक्षा होती त्या दिवशी मी कॉलेजचा बॅनर पोचवायला आलो होतो. देवरामभाऊ दारातच वैतागून उभे होते. कुणीतरी सांगितलेला लेखनिक ऐन वेळी आला नव्हता. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "शिक्षण किती?" मी नेहमीप्रमाणे खाली बघून म्हणालो, बारावी अर्धी सोडली. ते म्हणाले, "मग तू चालतोस, चल." मी जन्मात पहिल्यांदा ते वाक्य सांगून कुठे तरी आत गेलो होतो. एरवी बाहेर यायचो. नंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी पास झालो, तेव्हा तू साखर वाटलीस आणि मी आधी देवरामभाऊंना जाऊन विचारलं, की बारावी पास चालतो ना? चालतो म्हणाले. तेव्हा कुठे मी ती साखर खाल्ली.

पहिल्या दिवशी तू विचारलंस, "अक्षर बरं आहे का?" मी म्हणालो, फ्लेक्सचं काम करतो, चूक काढून दाखवा. तू म्हणालीस, "मला दाखवून काय उपयोग?" आणि हसलीस. मला हसावं की नाही ते कळेना. मग पेपर सुरू झाला आणि तू कुजबुजत सांगायला लागलीस, आणि मी लिहीत गेलो. तू मला लेखनिकसाहेब म्हणायला लागलीस ते त्याच दिवसापासून.

तुझ्या त्या पदवीचं माहितीपत्रक मी वाचून दाखवलं तेव्हा तू दोन दिवस हसत होतीस. इकडचा एक विषय, तिकडचा एक, मुख्य विषयाचे इतके श्रेयांक, दुय्यमचे इतके, दुसऱ्या शाखेतले काही, कौशल्याचे काही, संख्यात्मक एक सक्तीचा. तू म्हणालीस, ही पदवी आहे की भेळ. पण मला ते फार आवडलं होतं. आमच्या शाळेत आर्ट्स म्हणजे आर्ट्स आणि सायन्स म्हणजे सायन्स, मधली भिंत कुणी ओलांडायची नाही. इथे तर भिंत ओलांडल्याशिवाय पदवीच मिळत नव्हती. कॉलेजात सगळे तुला संगीत घ्यायला सांगत होते. "आंधळी दिसली की लोक पेटी पुढे सरकवतात," असं तू विषय नोंदवणाऱ्या मॅडमच्या तोंडावर बोललीस आणि तुझा प्रश्न सांगितलास. धरणात गाव गेलं की त्या गावातली माणसं कुठे जातात. तुझ्या आजोळचं गाव पाण्याखाली आहे, उन्हाळ्यात देवळाचा चौथरा वर येतो आणि आजी त्या चौथऱ्यावर तुला हाताला धरून घेऊन गेली होती, हे तू मला नंतर सांगितलंस. म्हणून इतिहास मुख्य, भूगोल दुय्यम आणि वाणिज्यच्या लोकांबरोबर बसून जमिनीचे कायदे. भूगोलाच्या सरांनी नकाशाचं काय करणार म्हणून विचारलं, तर तू म्हणालीस, नकाशात नसलेल्या गावाबद्दलच शिकायचंय सर.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. सहा सत्रांचा आराखडा करायचा होता. कुठला विषय कुठल्या सत्रात मिळतो, कशाआधी काय झालेलं लागतं, कुठल्या पुस्तकाचं ध्वनिमुद्रण आहे, कुठला तास तिसऱ्या मजल्यावर, कुठल्या पेपरात आकृत्या. मी सगळं जुळवत बसायचो आणि तुला फोनवर वाचून दाखवायचो, पण ऐकून लक्षात राहीना. मग मी दुकानातला एक वाया गेलेला फ्लेक्स घेतला आणि त्याच्या पाठीवर टिकल्या चिकटवल्या. मुख्य विषयाची मोठी गोल टिकली, दुय्यमची बारीक, दुसऱ्या शाखेची लांबट, कौशल्याची खड्याची. दोन श्रेयांकाला एक टिकली, एका सत्राची एक ओळ. बाजारात टिकल्यांची इतकी पाकिटं एकदम घेतली तर दुकानदारीण म्हणाली, "बहिणीचं लग्न का?" तू त्याच्यावरून बोट फिरवलंस, पुन्हा फिरवलंस, आणि म्हणालीस, चौथ्या ओळीत खडे जास्त झालेत, तिथे मी मरेन. खरंच जास्त झाले होते. मी दोन उचलून पाचवीत लावले.

फक्त संख्याशास्त्राची टिकली मी सहाव्या ओळीत शेवटी लावली. कॉलेजचा सल्ला होता दुसऱ्या सत्राचा. पण तुला त्याची धास्ती होती, पुस्तकाचं ध्वनिमुद्रणही नव्हतं, म्हणून म्हटलं जाऊ दे मागे, तोवर मी पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवतो. तीन उन्हाळे लागले मला ते पुस्तक वाचायला. तुला वाटायचं मी सराईत आहे. मी प्रत्येक धडा आधी स्वतः वहीत सोडवायचो, कळलं की मग वाचायचो, कारण न कळता वाचलं की आवाजात कळतं असं तू एकदा म्हणाली होतीस. अशा तऱ्हेने तुझी जवळजवळ सगळी पदवी मी मागल्या दाराने शिकलो. त्यातलं काही माझ्या नावावर नाही, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. बाबांना वाटायचं.

बाबांना तू कधी भेटली नाहीस. एकदा फोनवर बोललीस, तेव्हा ते तुला "ओ म्याडम" म्हणाले होते. इगतपुरी–घोटी जीप चालवायचे. माझी बारावी सुटली ती ते घाटात जखमी झाले तेव्हा, आणि पाय बरा झाल्यावरही ते त्या एका गोष्टीतून बरे झाले नाहीत. मला कधी बोलले नाहीत. पण गिऱ्हाईक कॉलेजचं पोर असलं की त्याला पुढे बसवायचे आणि काय शिकतो, कितवीला, पुढं काय, सगळं विचारायचे. आई सांगते. मी घरी गेलो की म्हणायचे, "त्या म्याडमचं किती राहिलं?" मी सांगायचो, दोन ओळी राहिल्या, एक राहिली. ते मान हलवायचे. मग एकदा म्हणाले, "आन् तुझ्या वळीचं काय?" मी म्हणालो, बघू. ते म्हणाले, "तू लय बघतो."

बारा एप्रिलला ते गेले. झोपेत. तुझे पाच पेपर झाले होते आणि सहावा, संख्याशास्त्राचा, पुढे गेला होता. तू फोन केलास तेव्हा मी गावी आहे एवढंच म्हणालो. तुला वाटलं कुणाचं लग्न. मी ते वाटू दिलं. तुला सांगितलं असतं तर तू मला येऊ दिलं नसतंस, आणि ऐन वेळी दुसरा लेखनिक मिळाला असता तरी त्याला तुझ्या सांगण्यावरून तो घंटेच्या आकाराचा वक्र काढता आला असता का? आणि तो एक पेपर राहिला असता तर तुझं चौथं वर्ष हुकलं असतं. टिकली मीच शेवटच्या ओळीत लावली होती.

पेपरच्या दिवशी दहावा होता. दुपारी अडीचचा पेपर. मी घोटीहून बसने आलो, डोक्यावर टोपी होती. प्रश्न वाचून दाखवले, तू सांगायला लागलीस, सगळं नेहमीसारखं. दुसऱ्या प्रश्नाला पर्यवेक्षक मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "टोपी काढा, चालत नाही." मी काढली. मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?" तू प्रमाण विचलन सांगत होतीस. 'प्रमाण' म्हणालीस आणि थांबलीस. मग तू माझ्या दिशेला वळलीस आणि विचारलंस, "काय काढलं त्यांनी? टोपी का घातली होतीस?" मी टोपी बाकाखाली सरकवली. "हर्षल, कोण?" मी म्हणालो, बाबा. "कधी?" आज दहावा. उत्तराव्यतिरिक्त एकही शब्द बोलायची परवानगी नसते, पण मॅडम खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मी पेन धरून बसलो होतो. वर्गात सगळ्यांना माझं डोकं दिसत होतं, फक्त ज्या माणसाच्या शेजारी मी बसलो होतो तिला सोडून. मग तू पुढचं सांगितलंस, अगदी हळू, आणि तो वक्र मी काढला तो बरोबर आला. पास होण्यापुरते मार्क पडले. तुझे सगळ्यांत कमी मार्क त्याच विषयात आहेत.

बाहेर आल्यावर बस स्टॉपवर तू म्हणालीस, "हात लावू?" मी वाकलो. तू पूर्ण तळवा ठेवलास, मग बोटांनी मागची शेंडी शोधलीस. तीन वर्षांत तू मला एवढ्याच कारणाने हात लावलास. जिना उतरताना लावतेस तो वेगळा. आणि मग तू चिडलीस. इतकी की शेजारची बाई आपली पिशवी घेऊन लांब जाऊन उभी राहिली. मी न सांगता आलो म्हणून चिडलीस असं मला वाटलं, पण तू म्हणालीस देवरामभाऊंनी तुला सगळं सांगितलंय. दर जूनला मी जाऊन विचारतो, प्रवेश घेतला तर लेखनिक म्हणून चालेन का, आणि नाही म्हटलं की परत जातो. "माझ्यासाठी तू अडाणी राहणार? माझ्या पदवीवर तुझं ओझं टाकणार? मी कुणाला सांगू ही पदवी माझी आहे म्हणून?" मग ते कोऱ्या पेपरचं म्हणालीस. तेवढ्यात बस आली. मी तुला चढवलं, आणि तू खिडकीशी बसून समोर बघत राहिलीस.

त्या दिवशी सकाळी नदीवर काय झालं ते तुला माहीत नाही. ते मी कुणालाच सांगितलं नाही. पिंड ठेवला आणि आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. कावळे झाडावर होते, पण खाली येईनात. अर्धा तास गेला. काका हात जोडून म्हणाले, "सावळीराम, जीप इकत नाय, बिनघोर राहा." नाही आले. आत्या आईकडे बघून म्हणाली, लताला मी बघते. नाही आले. ऊन चढत होतं आणि मी मनात बसची वेळ मोजत होतो. मग आई पुढे झाली आणि म्हणाली, "पोरगं शिकंल हो. घ्या आता घास." एक कावळा खालच्या फांदीवर आला आणि तिथेच बसला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काका म्हणाले, "हर्षल, तू बोल. तुझ्याच तोंडून पायजे त्याला." एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, मी शिकीन. कावळा मानतो की नाही हा प्रश्नच नव्हता, मी ते मानतो असंही नाही. पण बाबांच्या पिंडासमोर एकदा बोललो की ते करावं लागणार होतं, आणि केलं की पुढच्या परीक्षेला ती खुर्ची माझी नव्हती. मी बोललो नाही. काकांनी पुन्हा सांगितलं, आई नुसती बघत राहिली, आणि मी घड्याळाकडे बघितलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. आईने पदर डोळ्यांना लावला नाही, सरळ उठून चालायला लागली. मी अंघोळ करून बस पकडली.

हे तुला ओझं द्यायला सांगत नाही. तू बस स्टॉपवर जे बोललीस ते खरं होतं, पण अर्धं होतं. मी तुझ्यासाठी अडाणी राहिलो नाही. मला ती खुर्ची हवी होती, म्हणून राहिलो. तीन तास तू माझ्या कानाशी बोलायचीस. त्यात माझ्यासाठी एकही शब्द नसायचा, सगळे शब्द इतिहासाचे, जमिनीचे, पाण्याखाली गेलेल्या गावांचे, पण ते माझ्या हातून कागदावर जायचे. दुसरीकडे कुठे असं कुणी माझ्याशी इतका वेळ बोललेलं नाही. ते संपेल म्हणून मी घाबरायचो. तू ज्याला त्याग समजून चिडलीस तो त्याग नव्हता, हे तुला कळलेलं बरं, म्हणजे पदवी कुणाची हा प्रश्न तुला पडणार नाही. ती तुझीच आहे. माझं तिच्यात फक्त अक्षर आहे.

तर हे पत्र लिहायचं कारण. काल शनिवारी मी पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. त्याच कॉलेजात, त्याच भेळेला. सकाळचे तास आणि दुपारी दुकान, प्रफुल्लदादा हो म्हणाले. संख्याशास्त्र दुसऱ्या सत्रात घेतलंय. देवरामभाऊंना तुझ्यासाठी उज्ज्वलाचं नाव दिलंय. देवळाली कॅम्पात आमच्या चाळीत राहते, अकरावीत आहे, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि बडबडी असली तरी हॉलमध्ये गप्प बसेन म्हणून शपथ घेतलीय तिने. तू सांगताना 'म्हणजे' म्हणालीस की ते लिहायचं नसतं, तू विचार करत असतेस, हे तिला सांगितलंय. घसा कोरडा झाला की तू टेबलावर दोनदा टिचकी मारतेस, तेही सांगितलंय. नकार द्यायचा असेल तर तिच्याशी एकदा बोलून मग दे. परीक्षेच्या दिवशी मीही त्याच इमारतीत असेन, खालच्या मजल्यावर, माझा पेपर माझ्याच हाताने लिहीत. वर तू कुणाच्या तरी कानात बोलत असशील, हे मला माहीत असेल. काल प्रवेशाची पावती घेऊन संध्याकाळी गावी गेलो, पण आईला दाखवायच्या आधी नदीवर गेलो आणि जे बोलायचं होतं ते बोललो. तिथे कुणीच नव्हतं. कावळेही नव्हते, संध्याकाळी ते नसतात. आई म्हणाली, उशीर केलास, पण जेवायला वाढलं.

तुझाच,
हर्षल

ता. क. हिशेब तुला सांगायला हवा, कारण पैसे तुझेच म्हटले पाहिजेत. कॉलेज लेखनिकाला पेपरमागे दीडशे देतं. सहा सत्रांच्या छत्तीस पेपरांचे ५,४०० मी आजवर मोडले नव्हते. त्यातून खर्च: प्रवेश फी ४,२६०, बसचा पास ७८०, उज्ज्वलाला पेनं आणि पॅड १४०. शिल्लक २२०. देणं: पुस्तकांसाठी प्रफुल्लदादांकडून उचल २,०००, दिवाळीपर्यंत फेडायची. तुझ्याकडून काही येणं नाही.